कोऱ्या रकान्याची सही

"हात फुडं कर. उताणे न्हाई गं, पालथे. हां. आता ह्ये काय म्हनायचं?"

"रंग हाय मावशी. फिकाच हाय की."

"फिका! आगं, कॅमेऱ्याफुडं फिका-बिका काय नसतं. त्यो मानूस तुजा चेहरा टिपाया बसनार आनि हातावर तुज्या धा गुलाबी टिकल्या चमकनार. पूस समदं. पायाची बी."

"पायाची नखं कोन बगतंय?"

"ज्याला उघड्या चपला घालून फोटू काडायचाय त्यो बगतोय. आयत्या येळंला तुज्या पायात काय घालतील, तुला काय ठावं? टाचा घासल्यास?"

"घासल्या."

"आनि मोजं? सकाळपास्नं मोजं घातलंस न्हवं?"

राली खाली बघायला लागली. वेलिकाबाईंनी वाकून तिच्या घोट्यावरचं कापड वर केलं. मोज्याच्या रबराचा वळ लालबुंद गोल उठलेला.

"ह्यो वळ उतराय दोन तास लागत्यात. तंवर फोटोग्राफरनं काय माशा मारत बसायचं? परत सांगते, शेवटचं सांगते. कामाच्या दिवशी सकाळपास्नं अंगाला रबर लागूं द्यायचं न्हाई. सैल झगा घालायचा, आनि आत काय आवळायचं न्हाई. लोकांनी बगितलं तर बगूं दे. बसमदी शाल गुंडाळून बस."

रालीला हसू आलं. वेलिकाबाईंना आलं नाही. कामाच्या गोष्टीत त्या हसत नसत.

वेलिकाबाई बोलायच्या ते असं. दोब्रुजातल्या गव्हाच्या मुलखात जन्मल्या, सोळाव्या वर्षी रुसे शहरात आल्या आणि चाळीस वर्षं शहराचं पाणी पिऊनही जिभेवरची माती त्यांनी धुऊन टाकली नाही. राजधानीतून, सोफियाहून, मॉडेल पुरवणाऱ्या एजन्सीचे लोक यायचे, तोंडावर हात धरून हसायचे. बाई म्हणायच्या, "हसा. पोरी मातूर माज्याकडनंच नेताय." ते खरंच होतं. त्यांच्याकडून गेलेली पोर कुठल्याही स्टुडिओत पंधरा मिनिटं आधी हजर असते, धुतलेल्या तोंडानं येते आणि उजेड लावून होईपर्यंत फोनला हात लावत नाही, हे सोफियापर्यंत माहीत होतं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. डोक्यावर पोरींच्या चालण्याचा टकटक आवाज ऐकतच आमच्या घरात स्वयंपाक होतो.

त्या स्वतः आल्या होत्या शिवणकामाला. कोट शिवायचा सरकारी कारखाना होता. एक दिवस मास्तरणीनं माप घेतलं आणि म्हणाली, तू शिवू नको, तू उभी राहा. तेव्हापासून वेलिकाबाई उभ्या राहिल्या. नमुन्याचे कोट अंगावर चढवायच्या, टाचण्या टोचून घ्यायच्या. मग फोटोही काढू लागले. हिवाळ्याचे कोट छापायचे ते हिवाळ्याच्या आधी, म्हणजे फोटो जुलैत. डॅन्यूब नदीच्या काठावर, भर उन्हात, लोकरीचा कोट आणि वर केसाळ टोपी. खाऊन यायचं, पाणी जवळ ठेवायचं, एवढंसुद्धा कुणी सांगितलेलं नाही. तिसऱ्या कोटाला त्या आडव्या झाल्या. शुद्धीवर येताना पहिलं वाक्य कानावर पडलं ते फोटोग्राफरचं, "उठवा तिला, उजेड चाललाय."

हे सांगताना त्या कधी डोळ्याला रुमाल लावत बसल्या नाहीत. म्हणायच्या, "त्याचं काय चुकलं? उजेड चाललाच हुता. चुकलं आमचं. आमाला कुनी शिकवलं न्हाई." कारखाना बंद पडला, नवरा गेला, पोरगी लग्न होऊन वार्नाला गेली, तेव्हा त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत पोरींना शिकवायला घेतलं.

शिकवणं म्हणजे काय, तर असंच सगळं. झगा डोक्यावरून घालताना चेहऱ्यावर रुमाल टाकायचा, नाहीतर तोंडाचा रंग गळ्याला लागतो आणि झगा वाया जातो. फोटोचा कपडा घालून बसायचं नाही, लघवीला जायचं ते आधी. केस आदल्या दिवशी धुवायचे आणि त्यावर काहीही चोपडायचं नाही. पोटात काहीतरी घालून जायचं, पण लसणाचं काही नको, रंग लावणारी बाई वीतभर अंतरावर तोंड आणते, तिनं काय पाप केलंय? फोटोग्राफर "डावीकडं" म्हणाला तर कुणाची डावी, त्याची की आपली, हे पहिल्याच मिनिटाला विचारून घ्यायचं. आपल्या देशात हो म्हणताना मान आडवी हलते आणि परदेशात त्याचा अर्थ नाही होतो, म्हणून तिथं मान हलवायची नाही, तोंडानं हो म्हणायचं. थंडी वाजली तर थंडी वाजते म्हणायचं. तोंड वाकडं करून उभं राहायचं नाही.

आणि कुणाही नव्या फोटोग्राफरकडं पहिल्यांदा जायचं तर सोबत माणूस. "मानूस म्हंजे तुजा यार न्हवं," त्या बजावायच्या, "यार कोपऱ्यात गुरगुरत बसतोय, आनि तुजं ध्यान त्याच्याकडं. आईला ने. न्हाईतर मी येते." आधी ठरलेलं नसेल असं काही अंगावरनं उतरवायला सांगितलं तर, "ह्ये मला सांगितलं नव्हतं," एवढं म्हणायचं आणि दारापाशी जाऊन फोन करायचा. ओरडायचं नाही, रडायचं नाही. दारापाशी जायचं.

शेवटचा धडा कागदाचा, आपला फोटो वापरायची परवानगी देतो त्या. फोटो कुठं छापणार, कशासाठी छापणार, किती दिवस वापरणार, असे तीन रकाने असतात. फोटो बघायचे, तिन्ही रकाने भरलेले वाचायचे आणि मगच पेन उचलायचं. "आनि पेन आपलं न्यायचं," हेसुद्धा.

हा नियम सगळ्यांना लागू होता. लुबेन सोडून.

लुबेनचं दुकान नदीकडच्या रस्त्यावर. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारसं, शाळेचे गट. नव्या पोरींचे पहिले फोटो तोच काढायचा, वेलिकाबाईंकडून काही घ्यायचा नाही, त्यांनीही त्याला काही मागायचं नाही. पोरीला दाखवायला फोटोंची वही मिळायची, लुबेनला दुकानाच्या काचेत लावायला चांगला चेहरा. वीस वर्षं असं चाललं होतं. ओळख त्याहून जुनी, वेलिकाबाईंच्या नवऱ्याच्या मातीला तो खांदा द्यायला होता, पोरीच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले. त्याला एकच खोड, कागद कधी जागेवर सापडायचे नाहीत. म्हणून वेलिकाबाईंनी सोय लावलेली. पोर शिकायला आली की पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तिच्याकडून पाच कागदांवर सह्या घ्यायच्या. रकाने कोरे. गठ्ठा लुबेनच्या ताब्यात. दुसऱ्या कुठल्या बाईनं हे केलं असतं, तर वेलिकाबाईंनी तिला जिन्यावरनं खाली ढकललं असतं.

राली ब्याला गावाच्या पलीकडच्या खेड्यातली. बाप नाही. आई, स्तोयना, मिरच्या भाजायच्या हंगामात लोकांकडं कामाला जायची. पोरीचं नाक जरा मोठं आणि कातडी अशी की वेलिकाबाईंनी बघताक्षणी तिला उजेडाला वळवली. लुबेननं तिचे फोटो काढले, नुसता चेहरा आणि गळा, खिडकीच्या उजेडात, रंग न लावता. ते फोटो मिलानच्या एका एजन्सीला गेले आणि महिन्याभरात निरोप आला. तोंडाला लावायच्या क्रीमची मोठी कंपनी होती. तिला असाच धुतलेला चेहरा पाहिजे होता, नवा, कुठं न दिसलेला. राली पसंत होती. फक्त एका प्रश्नाचं उत्तर लेखी हवं होतं: गेल्या दोन वर्षांत हा चेहरा कुठल्या औषधाच्या किंवा कातडीच्या जाहिरातीत वापरला गेलाय का?

वेलिकाबाईंनी एका बोटानं टाईप करून उत्तर दिलं, "नाही." खाली आपलं नाव घातलं.

ही सुरुवातीची नखं-मोज्यांची तपासणी त्या जाण्याचीच रंगीत तालीम होती. पुढच्या गुरुवारी विमान होतं. मधले चार दिवस आईजवळ राहून ये म्हणून बाईंनी पोरीला गावाला धाडलं.

ब्यालाच्या बसथांब्यावर औषधाचं दुकान आहे. त्याच्या छपरावर नवा बोर्ड लागला होता. राली बसमधून उतरली आणि वर बघते तर ती स्वतः. दोन मजले उंच. तोच गळा, तेच नाक, आणि डाव्या गालापासून गळ्यापर्यंत लाल, खपल्या धरलेली खरूज. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "खाज आली? लाज सोडा, मलम लावा."

गावात तिच्या आधीच बातमी पोचलेली. पावाच्या दुकानात बाईनं सुट्टे पैसे हातात दिले नाहीत, फळीवर ठेवले. ओट्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली पोरं ती जवळून गेली की कराकरा अंग खाजवायची. म्हातारा शेजारी चांगल्या मनाचा. त्यानं कुंपणावरून विचारलं, "पोरी, रुसेत ह्याला गंधक लावत्यात का अजून?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती परत आली. औषधाच्या दुकानातून उचललेला छापील कागद तिनं वेलिकाबाईंच्या टेबलावर आपटला.

"ह्ये कोन हाय, मावशी?"

वेलिकाबाईंनी चष्मा लावला. कागद दूर धरला, जवळ धरला.

"ह्यो लुबेनच्या खिडकीचा उजेड हाय," त्या म्हणाल्या.

"खिडकी जाऊं द्या. त्याला हक्क कुनी दिला?"

"थांब. मला बसूं दे."

"तुमी बसा. मीबी अशीच बसले हुते, ह्याच खुर्चीत. इचारलं हुतं तुमाला, मावशी, रकाने कोरे कसे? तुमी काय म्हनलात, आठवतंय?"

वेलिकाबाईंना आठवत होतं. पण पोरीनं त्यांना बोलूच दिलं नाही, तिनंच त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "'लुबेन हाय त्यो. त्याच्या हातात मी माजी पोटची पोर दिली असती.' तुमची पोटची वार्नाला सुखानं हाय. त्याच्या हातात दिलीत ती मला."

"राली..."

"किती मिळालं तुमाला?"

वेलिकाबाईंच्या चेहऱ्याकडं मी बघत होते. मीठ मागायला म्हणून वर गेले होते, ते तशीच दारात उभी. ह्या एका प्रश्नावर बाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. उठल्या, कोट घातला, तो कागद घडी करून खिशात टाकला आणि लुबेनकडं निघाल्या. राली मागं आली नाही.

लुबेन कात्रीनं पासपोर्टचे फोटो कापत बसला होता.

"वेलिका! ये, ये. कॉफी टाकू?"

त्यांनी कागद त्याच्यापुढं उलगडला. लुबेननं चष्मा पुसला आणि बघितलं.

"उजेड बरा आलाय, नाही?"

"खरूज कुनी लावली तिला?"

"ती त्यांनी तिकडं संगणकावर लावली. माझ्याकडून स्वच्छ चेहरा गेला होता."

"इकलास?"

"फोटो विकणं हाच धंदा आहे माझा."

"ह्यो फोटू पोरीच्या वहीसाठी हुता."

"तसं लिहिलेलं होतं का?" तो उठला. कागद कधी जागेवर न सापडणाऱ्या माणसानं खण उघडला आणि पहिल्याच झटक्याला नेमका कागद बाहेर काढला. खाली रालीची सही, शाळकरी पोरीसारखी, नाव पूर्ण लिहिलेलं. वर तिन्ही रकाने लुबेनच्या गोल अक्षरात भरलेले. कोठेही. कशासाठीही. कायम.

"तू वीस वर्षं मला कोरे कागद देतेस," तो म्हणाला. "काय समजून देत होतीस?"

"इस्वासानं देत हुते."

"मग चौथा रकाना काढायचा होतास आणि त्यात तसं लिहायचं होतंस." हे बोलून तो स्वतःच जरा ओशाळला आणि आवाज खाली आणला. "लग्नाला आता मला कोण बोलावतं, वेलिका? भाचे-पुतणे फोनवर काढतात. शाळेनं गेल्या वर्षी नाही म्हटलं. चेहरे पडून होते माझ्याकडं, शेकड्यांनी. मागणारा आला, मी दिले. पोरीचं काय नुकसान झालं? आख्ख्या देशानं बघितलं तिला."

 वेलिकाबाईंनी एवढंच विचारलं, "असं किती कागद भरलेस?"

"दोन."

"दुसरी कोन?"

लुबेननं खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळ चोळलं. "काळे केस होते. उंच. तिचा कागद घेणाऱ्यानं फोटोसोबतच नेला."

"समद्याच उंच असत्यात, लुबेन."

उरलेला गठ्ठा त्यांनी मागितला. त्यानं खळखळ न करता दिला. दारातून निघताना तो म्हणाला, "कॉफी तरी घे." हे त्या मला सांगत होत्या तेव्हा सगळ्यात जास्त वेळ ह्याच वाक्यापाशी अडकल्या. त्यांच्या मते त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

संध्याकाळपर्यंत बाई फोनवर होत्या. ज्यांचे ज्यांचे कागद लुबेनकडं गेले होते त्या प्रत्येकीला, लग्न झालेल्या, पोरंबाळं झालेल्या, परदेशी गेलेल्या, सगळ्यांना एकच वाक्य, "तुज्या सहीचा कोरा कागद मी दुसऱ्याच्या हातात दिला हुता, कुठं तुजा चेहरा दिसला तर मला कळव." कुणी हसल्या. एकीनं जी शिवी दिली ती मला खालच्या मजल्यावर ऐकू आली. दुसरी काळ्या केसांची कोण, ते कळलंच नाही.

राली रात्री माझ्याकडं झोपली. वर जायला तयार नव्हती. सकाळी वेलिकाबाई स्वतः खाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

"मी त्यास्नी 'न्हाई' म्हनून लिवलंय. माज्या नावानं. ते बदलाया लागंल."

राली ताडकन उठली. "कशापायी? मिलानात बसून ब्यालाचा बोर्ड कोन बगतंय? मावशी, गप ऱ्हावा. येवढं करा माज्यासाठी."

"आनि मधीच कळलं मंग? कंपनी फोटू काडून मोकळी झाली, छापून झालं, आनि मंग कुनी तरी दावलं त्यास्नी? मधनंच काडून टाकतील. खोटं बोलली म्हनून नाव जाईल तुजं, मंग कुनी दारात हुभं करनार न्हाई."

"न्हाई कळनार."

"मला बी असंच वाटलं हुतं. लुबेनचं."

"तुमाला तुमचं नाव सोडून काय बी दिसत न्हाई!"

वेलिकाबाई एक दिवस थांबल्या. चालण्याचा टकटक आवाज त्या दिवशी आला नाही, पोरींना सुट्टी दिलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं. मी शेजारी बसले होते, स्पेलिंग बघायला. त्यांनी लिहिलं की चेहरा वापरला गेलाय, औषधाच्या जाहिरातीत, बोर्डावर आणि कागदावर. पोरीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. रकाने कोरे ठेवून सही आपण घेतली, ती पोर विचारत होती, आपणच तिला गप्प केलं. मी म्हटलं, एवढं स्वतःवर घेऊ नका, लुबेनचं नाव घाला. त्या म्हणाल्या, "त्याला त्ये वळखत न्हाईत. मला वळखत्यात." आणि पाठवून दिलं.

राली तोवर गावाला परतली होती, तिला लगेच फोन केला. "लिवलं," एवढंच म्हणाल्या.

 राली म्हणाली, "एकदा त्यानं इकलं. आता तुमी." आणि फोन ठेवला.

गुरुवारचं विमान राहिलं, आणि आठ दिवसांनी उत्तर आलं. क्रीमवाल्यांनी दुसरी पोर घेतली होती, कुठल्याशा लिथुआनियाची. एजन्सीनं मात्र लिहिलं होतं, मुलीचा दोष दिसत नाही, तिला आम्ही ठेवून घेऊ, कपड्यांच्या कामापासून सुरुवात करू, तिनं थेट आमच्याशी बोलावं. खाली आणखी दोन ओळी होत्या. ह्यापुढं तुमच्याकडून मुली पाठवू नयेत, तुमच्या कागदपत्रांवर आम्ही विसंबू शकत नाही.

वेलिकाबाईंनी वरचा भाग रालीला पाठवला. खालच्या दोन ओळी काढून टाकल्या. रालीनं "मिळालं" असं उत्तर पाठवलं. त्यानंतर काही नाही.

तीन आठवडे गेले. ब्यालाचा बोर्ड तसाच होता. लुबेनच्या दुकानासमोरून जायला लागू नये म्हणून वेलिकाबाई बाजाराला वरच्या रस्त्यानं जायला लागल्या. तो रस्ता चढाचा. पिशव्या घेऊन दमून यायच्या. पोरी कमी झाल्या होत्या. बातमी पसरली होतीच. काही आया तर फोनवर आधी विचारायच्या, "कोरे कागद घेणाऱ्या त्याच का तुम्ही?" बाई म्हणायच्या, "व्हय, त्याच. आता घेत न्हाई." एवढं ऐकूनही दोघी आल्या.

त्या दोघींना शिकवत असतानाच एका सकाळी रालीच्या आईचा, स्तोयनाचा, फोन आला. मी वर होते, उसनी घेतलेली सांडशी परत द्यायला गेलेले.

"वेलिकाबाई, मिरच्यांच्या बरण्या झाल्यात बरं का. तुमच्या दोन ठेवल्यात. पोरगी म्हनली, मावशींना लई आवडत्यात."

"बरं केलंस."

"काल ग्येली ती. मिलानला. डोळं कोरडं होईनात माजं. म्हनली, विमानाआधी मावशींना भेटून जाते रुसेत. भेटली न्हवं?"

वेलिकाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं.

"भेटली की."

"रडली असंल."

"थोडी."

"तुमचंच उपकार म्हना बाई. तुमी नसता तर..."

"बरण्या बसवाल्याकडं दे," वेलिकाबाई म्हणाल्या. "झाकनं घट्ट लाव. ठेवते, पोरी आल्यात."

फोन त्यांनी ओट्यावर ठेवला. पीठ लागलं होतं की काय कुणास ठाऊक, दोन्ही हात झटकले. बाहेरच्या खोलीत दोघी पोरी भिंतीला टेकून कुजबुजत होत्या. बाई गेल्या तशा सरळ झाल्या.

"तू. निळ्या स्वेटरची. फुडं ये. त्यो म्हननार डोळं उघडं ठेव, आनि तू कॅमेरा वाजतानाच पापनी पाडनार. समद्याच पाडत्यात. म्हनून आधी डोळं मिटायचं. मिट. मी तीन म्हनलं की उघडायचं, सावकाश, दार उघडल्यावानी न्हाई, झोपेतनं जागं झाल्यावानी. एक. दोन. तीन."

पोरीनं डोळे उघडले आणि लगेच मिचकावले.

"पाडलीस," वेलिकाबाई म्हणाल्या. "परत मिट."